सांगलीत ग्राफिक डिझायनरची पहिली नोकरी: जाहिरातीच दिसत नाहीत, शोधायचं कुठे?

नवीन_आर्टबोर्ड

नमस्कार मंडळी. उपयोजित कलेचं शेवटचं वर्ष जूनमध्ये संपलं. राहायला विश्रामबागेत. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप चांगलं येतं, कोरल (कोरलड्रॉ) जेमतेम. नोकरीच्या साइटवर ‘ग्राफिक डिझायनर, सांगली’ टाकलं की हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाहिराती येतात आणि त्यातल्या निम्म्यांना रील्स एडिट करणारा माणूस हवा असतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सांगली, मिरज, कुपवाडात नवख्याला घेणाऱ्या जागा नक्की कुठे असतात? पोर्टफोलिओत ३० कामं आहेत, ती सगळी दाखवू का? आणि एका ठिकाणी तीन महिने बिनपगारी इंटर्नशिप सांगितली आहे, दुसरीकडे ऑनलाइन इंटर्नशिपसाठी ‘किट’चे २,५०० रुपये मागितले आहेत. यातलं काय स्वीकारावं?

प्लेटवाला

ताई, आधी शोधायचा शब्द बदला. आपल्याकडे ‘ग्राफिक डिझायनर’ हे नाव एजन्सीवाले वापरतात. ऑफसेट प्रेसवाला ‘डीटीपी ऑपरेटर’ (संगणकावर छपाईचं पान लावणारा) किंवा ‘कोरल ऑपरेटर’ म्हणतो. दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात ‘आर्टिस्ट’ लागतो. कारखान्यात कॅटलॉग करणारा माणूस बऱ्याचदा ‘मार्केटिंग असिस्टंट’ या नावाखाली घेतात. फ्लेक्सवाला तर साइटवर जातच नाही, ‘डिझायनर पाहिजे’ असा कागद काचेला चिकटवतो. हे चारही शब्द टाकून शोधा, आणि जी जागा काचेवर लागते तिच्यासाठी पायीच फिरा.

दुसरं म्हणजे वेळ. छपाईचा धंदा हंगामी आहे. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत कॅलेंडर आणि डायऱ्या, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका, मार्चपासून शाळा आणि क्लासची माहितीपत्रकं, आषाढ-श्रावणात मंडळांची पावतीपुस्तकं नि अहवाल. हंगाम तापल्यावर गेलात तर शिकवायला कुणाला सवड नसते, महिनाभर आधी जा. आणि सकाळी अकराच्या सुमारास जा. संध्याकाळी मालकाच्या शेजारी गिऱ्हाईक प्रूफ बघत बसलेलं असतं, तुमची फाइल कोण बघणार?

प्रेसमध्ये परीक्षा सौंदर्याची होत नाही. एक व्हिजिटिंग कार्ड, एक पावतीपुस्तक, एखादा फ्लेक्स करायला सांगतात आणि फाइल उघडून चुका शोधतात. ज्या सापडतात त्या साधारण अशा:

काळी अक्षरं आरजीबीत (पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग) टाइप करून नंतर सीएमवायके (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शाया) केलेली. असं केलं की काळा रंग चार प्लेटांवर वाटला जातो. मशीनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं तरी बारीक अक्षराला लाल-निळी कड दिसते. मजकूर फक्त के (काळी शाई) १०० टक्क्यांत ठेवा, बाकी तिन्ही शून्य.

ब्लीड नाही. चारही बाजूंनी ३ मिमी जादा पार्श्वभूमी सोडा, मजकूर कटिंगच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत. नाहीतर कटिंगला पांढरी किनार राहते किंवा फोन नंबरचा शेवटचा आकडा उडतो.

फ्लेक्सची फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके). १० बाय २० फुटांची फाइल ७२ डीपीआयला ८,६४० बाय १७,२८० पिक्सेल होते, सीएमवायकेत साधारण ६०० एमबी. तीच ३०० ला केली तर १० जीबीच्या वर जाते, मशीन लटकतं आणि लांबून बघणाऱ्याला फरक शून्य. कडेने दीड इंच रिकामं सोडा, तिथे रिंगा मारतात.

आणि कोरल. जेमतेम म्हणालात, ते महिनाभरात पक्कं करा. प्रेसकडे बऱ्याचदा जुनी आवृत्ती असते, नव्या आवृत्तीतली सीडीआर (कोरलची फाइल) तिथे उघडत नाही. सेव्ह करताना जुनी आवृत्ती निवडायची, अक्षरं कंट्रोल-क्यू करून कर्व्ह (म्हणजे नुसते आकार) करायची, आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने स्वतःकडे ठेवायची. ही दुसरी प्रत विसरली की तारीख बदलायला सगळा मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो.

शिरोरेषा

वरचं सगळं बरोबर. त्यात मराठी अक्षरांची भर घालते, कारण कॉलेजातून आलेली मुलं सगळ्यात जास्त इथे अडकतात.

इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी टाइप केलं की ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलंतासह सुटी पडतात. फॉन्ट बिघडलेला नसतो, कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चुकीचा असतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याच कामाला ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ म्हणतात. शक्य असेल तिथे भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श त्यावरच बदलतात.

प्रेसमध्ये अजून श्रीलिपी, आकृतीसारखे जुने फॉन्ट भरपूर चालतात. ते युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं तो युनिकोड, तो थेट त्या फॉन्टमध्ये चिकटवला की चौकोन येतात. कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि काढल्यावर काही अक्षरं हमखास मोडतात. तपासायला एक ओळ पाठ करून ठेवा: दुसऱ्या, सुट्ट्या, उद्घाटन, वाङ्मय, हृदय, कृष्णा, ॲड., ज्ञानेश्वर. यातलं ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲड.’ बहुतेक वेळा पडतं. ‘ॲड.’ मोडला तर वकिलाचंच कार्ड बिघडतं, आणि वकील ते परत घेऊन येतो.

युनिकोडमध्ये मोफत वापरता येतील असे चांगले फॉन्ट: मुक्ता, बलू, हिंद, नोटो सान्स देवनागरी. पोर्टफोलिओत यातला कुठला कशासाठी घेतला ते एका ओळीत लिहा. इंग्रजी मथळ्याच्या शेजारी मराठी मथळा ठेवताना दोन्हीचा पॉइंट साइज सारखा ठेवला की एक भाषा लहान दिसते. डोळ्याने जुळवा, आकड्याने नाही. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

महागडं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर इंकस्केपमध्ये देवनागरी नीट जुळते. पण त्याचा पीडीएफ आरजीबीत निघतो, म्हणून छपाईची फाइल स्क्रायबसमध्ये लावून सीएमवायकेत काढा.

पाऊच_लेबल

सांगलीत राहून पॅकेजिंग न शिकणं म्हणजे नदीकाठी राहून पोहायला न शिकणं. मार्केट यार्डातली हळद, तासगावचा बेदाणा, गूळ, मसाले, दूध… हे सगळं पिशवीत आणि खोक्यात जातं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण छोट्या व्यापाऱ्यांची पाकिटं बघा, निम्म्यांवर एकच पिवळा आणि एकच बाई.

पोर्टफोलिओसाठी एक काम करा. २०० ग्रॅम हळदीचं पाऊच, पुढची आणि मागची बाजू, काल्पनिक ब्रँड. काल्पनिक आहे हे पानावर स्पष्ट लिहा. मागच्या बाजूला हे सगळं बसवून दाखवा: घटक, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसह, प्रति ग्रॅम किंमत, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचं (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक. नमुन्यात क्रमांकाच्या जागी १४ शून्यं टाका, दुसऱ्याच्या पाकिटावरचा उचलू नका. खऱ्या कामात हा मजकूर व्यापाऱ्याकडून लेखी घ्यायचा, आपल्या मनाने एक अक्षरही नाही.

शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या रेषेच्या चौकोनात हिरवा भरीव गोल. पाकिटाची दर्शनी बाजू १०० चौरस सेमीपर्यंत असेल तर गोलाचा व्यास किमान ३ मिमी, चौकोनाची बाजू ६ मिमी. १०० ते ५०० चौरस सेमीला ४ आणि ८ मिमी. मुलं हे चिन्ह कोपऱ्यात टिकलीएवढं टाकतात.

बारकोड: ईएएन-१३ (पाकिटांवरचा नेहमीचा १३ अंकी बारकोड) चा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, तो ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. काळ्या पट्ट्या पांढऱ्यावर. लाल पट्ट्या स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसतच नाहीत, आणि पिवळ्या-लाल पाकिटावर तोच मोह होतो. बारकोडच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा कापू नका.

हळदीचा पिवळा: वाय १००, एम २५ ते ३०, सी शून्य. सायन चुकून चार-पाच टक्के आला तरी हिरवट, जुनी हळद दिसते. पाऊच जिथे चिकटवतात तिथे साधारण १० मिमी रिकामं ठेवा, सीलिंगच्या दाबाखाली गेलेला मजकूर वाचता येत नाही.

मोठ्या संख्येचं पाऊच ग्रॅव्ह्युअरवर (कोरलेल्या सिलिंडरची छपाई) छापतात, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, पारदर्शक फिल्म असेल तर पांढऱ्यालाही एक. म्हणून सात रंगांची डिझाइन छोट्या व्यापाऱ्याला परवडत नाही. त्याच्यासाठी साधं पाऊच आणि दोन रंगांचा स्टिकर, असा पर्यायही त्याच पानावर दाखवा. मुलाखत घेणाऱ्याला तिथेच कळतं की पोरीला धंदा कळतो.

नवीन_आर्टबोर्ड

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. म्हणजे ३० कामांपैकी बरीचशी काढून टाकावी लागणार! त्यात पोस्टर आणि काल्पनिक लोगोच जास्त आहेत. बिनपगारी इंटर्नशिप आणि किटच्या पैशांबद्दल कुणी सांगेल का?

हिशेबी

किटचे २,५०० देऊ नका. नोंदणी फी, अनामत, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो, काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. दिले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, जितक्या लवकर तितकं बरं.

बिनपगारी तीन महिने: होय म्हणण्याआधी चार गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. रोज किती तास, काम कोण तपासणार, केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, आणि प्रमाणपत्र कोणत्या तारखेला. काम तपासणारा ज्येष्ठ माणूसच नसेल तर ती इंटर्नशिप नाही, फुकटचा ऑपरेटर आहे. तपासणारा चांगला असेल तर एक महिना ठीक, पुढे किमान जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण तरी मागा.

सरकारी बाजूने बघायचं तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये दरमहा, थेट खात्यात. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास, शिक्षण चालू नसावं. नोंदणी महास्वयम पोर्टलवर. मेख अशी की आस्थापनेलाही तिथे नोंदणी लागते, त्यामुळे दोन माणसांच्या प्रेसमध्ये हे जमत नाही. सांगली जिल्हा निवडून बघा, जागा उघड्या दिसल्या तरच त्यावर वेळ घाला.

चाचणीचं काम: एक लेआउट, दोन-तीन तासांचं, इतपत योग्य. ‘टेस्ट म्हणून महिन्याच्या २० पोस्ट करा’ म्हणाले तर ते गिऱ्हाईकाचं कामच असतं. पाठवताना कमी रिझोल्यूशनचा पीडीएफ द्या, ओपन (बदल करता येणारी) फाइल नाही.

पोर्टफोलिओ ८ कामांचा करा. मी असा क्रम लावेन: हळदीचं पाऊच, दोन भाषांतलं माहितीपत्रक, एक लोगो लेटरहेड आणि कार्डासकट, दैनिकाची एक जाहिरात, सोशल मीडियाचा संच (१०८० बाय १३५० आणि १०८० बाय १९२० पिक्सेल), एक कॅलेंडर, एक फ्लेक्स, शेवटी आवडीचं एखादं पोस्टर. प्रत्येकाखाली आकार, रंग, सॉफ्टवेअर. पीडीएफ १० एमबीच्या आत, फाइलला स्वतःचं नाव. ‘फायनल नवा २’ असं नाव बघून लोक हसतात. मोफत साइटवरचे साचे घालू नका, रोज तेच साचे बघणारा माणूस पहिल्या पानावर ओळखतो.

प्लेटवाला

हिशेबींना एक दुरुस्ती. प्रेसला जाताना पीडीएफवर थांबू नका, दोन कामं छापून न्या. व्हिजिटिंग कार्ड आणि पाऊचची घडी घातलेली प्रत. जाड कागदावरचा डिजिटल प्रिंट पुरे. हातात घेतलेली वस्तू मालक उलटून-पालटून बघतो, मोबाइलवरचा पीडीएफ ‘नंतर बघतो’ म्हणून ठेवून देतो.

दैनिकाची जाहिरात करणार असाल तर न्यूजप्रिंटचा कागद शाई पितो हे लक्षात ठेवा. चारही रंगांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत, गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं नकोत, ती भरून जातात. आर्ट पेपरवर चालणारा फोटो तिथे काळाठिक्कर पडतो, आधीच थोडा उजळ करा.

शिरोरेषा

आणि रील्सच्या जाहिराती सरसकट सोडून देऊ नका. मजकूर, फोटो आणि लोगोची ३० सेकंदांची हलती जाहिरात एवढं आलं तरी छोट्या एजन्सीचं भागतं. मराठी मजकूर ॲपमध्ये टाइप करताना जोडाक्षरं मोडली तर तो इलस्ट्रेटरमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा.

नवीन_आर्टबोर्ड

व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज काय पाठवायचा? ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहिलं तर उत्तरच येत नाही.

हिशेबी

तीन ओळी, मराठीत: ‘नमस्कार साहेब. मी अमुक, विश्रामबाग, सांगली. कोरल, इलस्ट्रेटर, युनिकोड आणि श्रीलिपीत मराठी टायपिंग येतं. पाऊच, लेबल, माहितीपत्रकाच्या छपाईसाठी तयार फाइल करते. ८ कामांचा पीडीएफ सोबत आहे, मंगळवारी किंवा बुधवारी अकरा वाजता छापील नमुने घेऊन येऊ का?’ कोरल आणि श्रीलिपी खरंच आल्यावरच ते शब्द लिहा, पहिल्याच दिवशी त्यावरच बसवतात.