अकरावीच्या भूगोलात भूभौतिक धोके हा ऐच्छिक घटक घ्यावा का?

बी-५०२: सोसायटीच्या गटातील सर्वांना नमस्कार. आमच्या कन्येने यंदा अकरावीला आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रम घेतला आहे. त्यातील भूगोलात सात ऐच्छिक घटक असून वरच्या स्तराला त्यांपैकी तीन आणि साधारण स्तराला दोन शिकवले जातात. निवड बहुधा शाळाच करते, परंतु वर्गात मुले मोजकीच असल्यामुळे शिक्षिकांनी त्यांचे मत मागवले आहे. तिला भूकंप, ज्वालामुखी आणि दरडी असलेला भूभौतिक धोक्यांचा घटक हवा आहे, तर मला पर्यटन आणि क्रीडेचा घटक गुणांच्या दृष्टीने सोपा वाटतो. सी-२०३ मधील बाईंनी तीस वर्षे भूगोल शिकवला आहे, तेव्हा त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ए-१०४: ताई, नाशिकच्या मुलीला ज्वालामुखी शिकून काय करायचे आहे? आपल्याकडे आपत्ती म्हणजे गोदावरीचा पूर. पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अवयवापर्यंत चढले यावर इथला लहान मुलगाही पुराचा अंदाज बांधतो. त्या घटकात पूर असेल, तर अवश्य घ्यावा.

सी-२०३: काका, पूर या घटकात येत नाही. तो गोड्या पाण्याच्या घटकात शिकवतात, कारण त्याचे मूळ पावसात आणि नदीखोऱ्यात असते. भूभौतिक धोके म्हणजे ज्यांची चालना पृथ्वीच्या अंतरंगातून किंवा उताराच्या अस्थिरतेतून मिळते असे धोके. शिवाय घटकाच्या नावात ‘धोके’ आहे, ‘आपत्ती’ नाही. निर्जन वाळवंटात मोठा भूकंप झाला तरी ती आपत्ती ठरत नाही. आपत्ती होण्यासाठी तिथे माणसे असावी लागतात आणि त्यांची घरे कच्ची असावी लागतात. या एका भेदावर निम्मा घटक उभा आहे आणि मुले नेमकी तिथेच गुण घालवतात.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७.० महत्तेचा भूकंप झाला आणि पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ महत्तेचा झाला. महत्तेचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे चिलीतील भूकंप ऊर्जेने जवळपास ५०० पट मोठा होता. तरीही चिलीत सुमारे सव्वापाचशे माणसे गेली आणि हैतीत लाखाहून अधिक. हैतीतील भूकंपाचे अपिकेंद्र, म्हणजे उगमाच्या थेट वरचे जमिनीवरील ठिकाण, राजधानीच्या अगदी जवळ होते, हे खरे. पण बांधकामाचे नियम, त्यांची अंमलबजावणी, गरिबी आणि शासनाची तयारी यांचा विचार केल्याशिवाय हे अंतर उलगडत नाही. ज्या विद्यार्थिनीला असा विचार करायला आवडतो, तिने हा घटक जरूर घ्यावा. केवळ उसळत्या लाव्ह्याच्या चित्रफिती पाहून घेतला असेल, तर उताराची स्थिरता आणि धोक्याचे मूल्यमापन आले की उत्साह ओसरतो, हेही सांगून ठेवते.

राहिला प्रश्न नाशिकचा. पांडवलेणी ज्या कातळात कोरली आहेत, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हाच आहे. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूला अधूनमधून सौम्य धक्के बसतात आणि दिंडोरी रस्त्यावरील मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत त्यांची नोंद होते. दरडींसाठी तर लांब जायलाच नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि गाव जागेवर नाही हे प्रथम एका एसटीच्या चालकाच्या लक्षात आले. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकातही भू-हालचाली आणि आपत्ती व्यवस्थापन आहेच, म्हणजे आधारासाठी मराठीतील वाचनसाहित्य तिला घरबसल्या मिळेल.

बी-५०२: बाई, मनापासून आभार. तरीही प्रश्न उरतोच, की आपला भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानला जातो, मग तिच्या उत्तरांत इथली उदाहरणे चालतील का?

सी-२०३: किल्लारीही सुरक्षितच मानले जात होते. १९९३ साली प्रचलित असलेल्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे गाढ झोपलेली असताना ६.२ महत्तेचा धक्का बसला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्यांच्या अंगावर आला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या सुधारित भारतीय मानकात पहिले क्षेत्रच रद्द झाले. परीक्षकाला याहून चांगले उदाहरण कोणते हवे? फक्त तारीख, महत्ता आणि घरांची रचना यांचा परस्परसंबंध लिहावा. नुसते आकडे पाठ करून ओतले, तर गुण मिळत नाहीत.

डी-३०१: स्थापत्य अभियंता या नात्याने थोडी भर घालतो. २००२ आणि २०१६ या दोन्ही मानकांत नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे. २००१ च्या भूज भूकंपात अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळ इमारतींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसत्या खांबांवर वाहनतळ होता, त्यामुळे वरचे मजले कडक आणि खालचा लवचीक अशी स्थिती होती. आपलीही पार्किंगची रचना तशीच आहे. घाबरवण्याचा हेतू नाही, कारण खांबांची रचना नियमानुसार असेल तर असे बांधकाम टिकते. परंतु ती तशी आहे का, हे मंजूर आराखडे पाहूनच कळेल.

ए-१०४: म्हणजे मुलीच्या अभ्यासापायी आता सोसायटीचा खर्च निघणार!

बी-५०२: काका, तिने आताच शेजारून विचारले, की क्षेत्रभेटीवर आधारित २,५०० शब्दांचा जो अहवाल लिहायचा असतो, तो आपल्याच परिसरातील इमारतींवर करता येईल का? तिच्या मनात आधी सप्तशृंगी गडाच्या घाटातील दरडींचा विषय होता, पण पावसाळ्यात तिथे मोजमापे घेत उभे राहण्यास मी परवानगी देणार नाही.

सी-२०३: करता येईल, मात्र एकच सोसायटी पुरणार नाही. जुनी आणि नवी बांधकामे असलेल्या दोन-तीन वस्त्या निवडून तळमजल्याची रचना, बांधकामाचे वर्ष आणि रहिवाशांना असलेली धोक्याची जाणीव यांची तुलना करावी. अंतिम विषय शिक्षिकांकडून मंजूर करून घ्यावा.

सचिव: आराखड्यांची प्रत कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे. रविवारी सकाळी १० ते ११ या वेळेत अभियंता साहेब सोबत असतील, तर ती पाहता येईल. मूळ कागद बाहेर नेता येणार नाहीत. काका, आपणही या, कारण कपाटाची दुसरी किल्ली अजून आपल्याकडेच आहे.