शब्दचर्चा : सस्पेन्सला ‘रहस्य’ म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकेत ‘ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स’ नावाचा कादंबऱ्यांचा मोठा प्रांत आहे. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेची ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ ही मालिका त्यातलीच. त्यावर लिहायला बसले आणि नावापाशीच अडले. ‘ख्रिस्ती प्रेम-रहस्यकथा’ चालेल?

– ‘रहस्य’ नको. रहस्यकथेत खुनी कोण ते शेवटी कळतं. इथे तो बऱ्याचदा आधीच ठाऊक असतो. तो नायिकेच्या दारापर्यंत कधी पोचतो एवढंच बाकी. ‘उत्कंठा’ मवाळ, ती दहावीच्या निकालाचीही असते. खरा शब्द ‘टांगणी’, इंग्रजी शब्दाचं मूळही टांगण्यातच आहे. पण ‘टांगणीकथा’ छापणार कोण! ‘थरार’ म्हणा.

– आणि ‘प्रेम’ऐवजी ‘प्रीती’. मराठी बायबलात ‘देव प्रीती आहे’ असंच आहे. या कादंबऱ्यांत शय्यादृश्यं नाहीत, त्यामुळे सगळी ओढ बारीकसारीक गोष्टींत उतरते. नायक रात्रभर गाडीत पहाऱ्यावर. नायिका थर्मास घेऊन येते, झाकण देताना बोटाला बोट लागतं, आणि पुढे पानभर तेवढंच. लेखिका मुरलेली असेल तर हे पान पाठलागाहून सरस वाटतं.

– मग घोडं पेंड कुठे खातं?

– ‘सुटका’ आणि ‘तारण’ यांत. सुटका पोलीस करतात, तारण, म्हणजे पापातून मुक्ती, देव. (बँकेतलं तारण वेगळं.) कच्च्या कादंबरीत दोन्ही एकाच पानावर उरकतात : तळघरात हात बांधलेली नायिका ‘आमेन’ म्हणते, की बाहेर सायरन. नायकाचंही तसंच. ‘विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका’ हे बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलेलं इथे कायद्यासारखं पाळतात. म्हणजे विश्वास न ठेवणारा नायक लग्नाआधी देवाकडे वळणारच, हे दुसऱ्या प्रकरणातच कळतं. खुन्याने जीव टांगणीला लागतो, नायकाच्या आत्म्याने मुळीच नाही.

– बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीतही (१८५७) यमुना बाप्तिस्मा घेते, पुनर्विवाह करते. पण तिथे वाचकाला टांगून ठेवायचा आवच नाही, म्हणून ते खटकत नाही.

– बरोबर. ज्या कादंबरीत प्रार्थना करूनही भाऊ मरतो आणि पुढची पन्नास पानं नायिकेला प्रार्थनेला शब्दच सापडत नाहीत, ती मी हातातून ठेवत नाही.

– मग ‘ख्रिस्ती प्रीती-थरारकथा’ लिहू?

– मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळते. ‘ख्रिस्ती थरारक प्रेमकथा’ करा. ‘प्रीती’ लेखाच्या आत येऊ द्या.