सकाळच्या बॅचला सलग लॅप मारायचे की सेट लावायचे?

टिळकवाडीकर
गोवावेसच्या तलावावर असो की दुसरीकडे, बेळगावात सकाळी पोहायला येणारे आपण बहुतेक जण एकच करतो. पाण्यात उतरायचं आणि शिट्टी होईपर्यंत एकाच चालीत इकडून तिकडे. बाहेर आल्यावर विचारायचं, "आज किती झाले?" मला वाटतं, ज्याला सलग ५००-६०० मीटर आरामात जमतं त्याने हे आता थांबवावं.

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध जवळपास चौपट होतो. म्हणजे नुसता जोर लावून फार काही हाती लागत नाही, अंग सरळ आणि आडवं ठेवलं तर लागतं. सलग पोहताना विसाव्या लॅपनंतर कोपर पडतं, हात पाणी मागे ढकलायच्या ऐवजी खाली दाबतो, आणि रोज सराव होतो तो त्याच पडलेल्या कोपराचा.

माझं मत असं: पहिली १५ मिनिटं ड्रिल, म्हणजे पोहण्याची नीट पद्धत बसवायचा सराव. मुठी मिटून पोहा, म्हणजे पाणी कोपरापासून पुढच्या अख्ख्या हाताने पकडायची सवय लागते. मग सेट, म्हणजे १०० मीटरचे ८-१० तुकडे, मध्ये १५-२० सेकंद विश्रांती. वेग ठरवायला एकदा ४०० आणि नीट विश्रांती घेऊन २०० जोर लावून पोहा. समजा ४०० ला ९ मिनिटं २० सेकंद लागली आणि २०० ला ४ मिनिटं २० सेकंद. फरक २०० मीटरला ५ मिनिटांचा, म्हणजे १०० ला अडीच मिनिटं. हा तुमचा टिकणारा वेग, सेट त्यावर लावायचे.

मलप्रभाकाठ (खानापूर)
दादा, हिशेब पटला, निष्कर्ष नाही. आम्ही कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत पवायला शिकलो, मग नदीत. नदीला भिंत नसते की! २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० लॅप, म्हणजे ३९ वेळा भिंत मिळते. प्रत्येक वेळी पाय मारून तीन-चार मीटर फुकट. वर तुम्ही आणखी २० सेकंद थांबायला सांगता. अशी सवय लागलेल्या पोरांना मी मलप्रभेत मध्यावर घाबरताना बघितलंय. श्वासाची लय सलग पोहल्याशिवाय बसत नाही.

आणि येणारे सगळे स्पर्धेसाठी येत नाहीत. कुणाला शुगर आहे, कुणाचे गुडघे गेलेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो सलग पोहून होतो, त्याला घड्याळ लावून धापा टाकायची गरज नाही.

आणखी एक. उन्हाळ्यात एका लेनमध्ये सात-आठ जण असतात. तुम्ही विश्रांतीला कडेला उभे राहिलात तर मागच्याने वळायचं कुठं?

टिळकवाडीकर
लेनचा मुद्दा खरा आहे. कोपऱ्यात सरकून उभं राहायचं, मधली जागा वळणाऱ्याला मोकळी सोडायची, एवढी शिस्त हवीच. पण काका, विहिरीत शिकलेल्यांचं डोकं कायम पाण्यावर असतं, हे तुम्हीही बघितलं असेल. डोकं वर की कंबर खाली, कंबर खाली की पाय ओढत न्यायचे. नदीत पुढचं बघायला डोकं वर लागतं, कबूल. पण तेही सहा-आठ हातांमागे एकदा, डोळ्यांपुरतं. बाकी वेळ नजर तळाशी. हे ड्रिलशिवाय सुटत नाही, सलग पोहून तर आणखी पक्कं होतं.

शहापूरचा स्प्रिंटर
सेटवाल्यांच्या बाजूने. शेजारच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. त्याआधी पोहण्यात आपलं एशियाड पदक १९८६ चं, खजान सिंगचं. रमतगमत लॅप मारून असं पदक येत नाही. मी तर हातात पॅडल (तळव्याला बांधायच्या प्लॅस्टिकच्या फळ्या) घालतो आणि श्वास रोखून अख्खी लेंथ काढतो.

निपाणीची फिजिओ
थांबा, हे दोन्ही सरसकट सांगू नका. आधी दुसरं. एकट्याने श्वास रोखून पोहू नका. आधी भराभर खोल श्वास घेऊन सूर मारला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेच यात जातात, आणि काठावरच्याला वाटतं, पोरगं मस्त पाण्याखाली आहे.

आता पॅडल. माझ्याकडे येणाऱ्या दुखऱ्या खांद्यांत बहुतेकांची गोष्ट सारखी: हात डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे पडतो आणि अंगठा आधी पाण्यात जातो. त्यात खांदा आतल्या बाजूला वळून चिमटतो. त्यावर पॅडलचं ओझं चढवलं की महिनाभरात हात केस विंचरायलाही वर जात नाही. हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी, तळवा खाली. एवढं बसेपर्यंत पॅडल पिशवीत ठेवा. आणि पाण्याबाहेर रबर बँड घ्या: कोपर कुशीला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, हलक्या ताणाने.

म्हणून काका, ड्रिलच्या बाबतीत मी टिळकवाडीकरांकडून. सलग किलोमीटरमध्ये चुकीचा हात शेकडो वेळा पडतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)
ताई, खांद्याचं मान्य. अंगठ्याचं आमच्या पोरांना आजच सांगतो. पण चुकीचा हात १०० मीटरच्या सेटमध्येही पडतोच, वर घाईने पडतो. घड्याळाकडे बघणारा माणूस हाताकडे बघत नाही. सावकाश, सलग, लॅपला किती हात लागले ते मोजत पोहा. हात वाढायला लागले की थांबा. यात तुमचं ड्रिलही आलं आणि माझा दमही.

टिळकवाडीकर
हात मोजायचं एकदम बरोबर, पण सोबत सेकंदही मोजा. नुसते हात कमी करायला गेलं की माणूस प्रत्येक हातानंतर पाण्यात थबकतो, आणि थबकलेलं अंग पुन्हा हलवायला जास्त ताकद जाते. दोन्हींची बेरीज उतरली तरच सुधारणा. सलग अर्ध्या तासाला मी आठवड्यातून एक दिवस देईन, त्याहून जास्त नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)
मी सेटला एक दिवस देईन. बाकीचे दिवस सलगच.