मदत हवी आहे: घोडखिंडीच्या फोमच्या देखाव्यात उतारावर मावळे टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

१३ जुलैला आम्ही चौघं मित्र १६६० ची घोडखिंडीची (म्हणजे पावनखिंडीची) लढाई छोट्या मूर्ती मांडून टेबलावर खेळणार आहोत. २८ मिमी उंचीचे मावळे आणि आदिलशाही सरदार सिद्दी मसूदचं सैन्य रंगवून तयार आहे. अडलंय ते खिंडीपाशी. लहानपणी दर दिवाळीला किल्ला केला, गोणपाट चिखलात बुडवून, वर अळीव पेरून. पण तो एका जागी बसतो. हा देखावा उचलून मित्राकडे न्यायचाय, म्हणून फोम.

खाली ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी), वर ५० मिमी जाडीचे एक्सपीएस या घट्ट फोमचे तक्ते (गच्चीवर ऊन अडवायला घालतात ते). आधी साधा थर्माकोल घेतला होता, पण स्प्रेचा रंग मारताच त्याला खड्डे पडले. आता फक्त ब्रश आणि ॲक्रिलिक.

खरी अडचण उताराची. गरम तारेने तिरका कापला की दिसतो सुंदर, पण २५ मिमीच्या चकतीवरचा मावळा घसरून खाली येतो. पायऱ्या कापल्या तर नदीच्या घाटासारखं दिसतं. बाजीप्रभू जिथे उभे राहिले ती जागा अशी दिसलेली मला अजिबात चालणार नाही.

शिवाय दोन तक्ते सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून आठ दिवस झाले, आत अजून ओलंच आहे. पावसामुळे असेल का? आणि तारेचा काप मध्येच फुगतो, तो का?

प्रतिसाद

तिरकं कापूच नका. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक आडवे थर. उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. म्हणजे तुम्हाला हव्या त्या पायऱ्या डोंगरातच आहेत. घाटासारखं दिसतं ते सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या असल्यामुळे. एक थर ५० चा, त्यावर २५ चा, परत ५० चा असं करा. सपाटी ३० मिमी असली की चकती बसते. कुठे ती तळहाताएवढी रुंद होऊ द्या, कुठे कड्यात विरू द्या. कडेला चाकू लावू नका, बोटांनी फोम मोडा आणि चुरगाळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून फिरवा. कातळ उमटतो. जुलै आहे, तेव्हा सपाटीवर दाट गवत, कडे काळे, त्यावर चकचकीत वॉर्निशचे ओघळ.

दोष पावसाचा नाही. एक्सपीएसमधून हवा जात नाही, त्यामुळे आतल्या गोंदातलं पाणी बाहेर पडणार कुठून? बांबूच्या काड्या आरपार घाला आणि कमी तापणारी ग्लू गन वापरा. चपला चिकटवायचा पिवळा रबरी गोंद मात्र लावू नका, तो फोम खातो.

काप फुगतो कारण तुम्ही तक्ता ढकलताय आणि तार मध्ये मागे राहते. तिला वितळवायला वेळ द्या. तापली की ती लांबतेही, म्हणून तार ताणून धरणाऱ्या धनुकलीला स्प्रिंग लावा. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नाही.

मूळ लेखक

मनापासून आभार! आज एक कडा मोडून पाहिला, सात मावळे सपाटीवर नीट उभे राहिले. एकच विचारतो: एमडीएफला वरून रंग दिला आणि एमडीएफच कडेने वर वाकलाय. खालूनही एक हात मारला तर सरळ होईल का, की नवाच घेऊ?