वन बीएचकेसाठी व्हॅक्यूम क्लीनर सुचवा (बजेट ६ हजार)

गच्चीवाली: डोंबिवली, ३८० चौ. फूट कार्पेट. केर-लादी रोज होते, फरशीचा प्रश्न नाही. सोफा, दोन गाद्या, पंखे आणि स्लायडिंग खिडक्यांच्या खाचा साफ करायच्यात. समोर टॉवरचं काम चालू, त्यामुळे सिमेंटची धूळ. बजेट ६ हजार, ताणून ७. माळा गच्च भरलाय.

टेक्नोबाबा: कॉर्डलेस स्टिक. २५-३० हजारांत उत्तम येतो, त्याखाली बघूच नका.

वायरमन: बजेट वाचलंत का? फुल पॉवरवर तो ८-१० मिनिटं चालतो. एक गादी नि अर्धा सोफा झाला की चार्जिंगला. शिवाय दोन-तीन वर्षांत बॅटरी उतरते. सुटी बॅटरी मिळते का, ते आधी विचारावं.

खडूसकाका: १६०० वॅटचा घ्या. ताकद पाहिजे.

वायरमन: काका, वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते, ओढते किती ते नव्हे. खोक्यावर किलोपास्कल (ओढण्याचा जोर) बघा. डबा-पाइपवाल्यात १६ ते २० असले की गादीला भरपूर. आणि १६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सात अँपिअर. साधा सॉकेट सहाचा.

खडूसकाका: आमचा सहावरच चालतो. काही होत नाही.

वायरमन: अर्ध्या तासाने पिनेला हात लावून बघा.

नीरजा_ठाणे: वेट अँड ड्राय घ्या, सांडलेलं पाणीही ओढतो. ओल्याआधी कागदी पिशवी काढायची, नाहीतर आत लगदा. टाकी त्याच दिवशी धुवून वाळवायची.

मनीम्याऊ: रोबो घ्या ना! आपोआप फिरतो.

नीरजा_ठाणे: पंख्यावर पण?

पिशवीवाला: सिमेंटच्या धुळीबद्दल कुणीच बोलत नाहीये, खरी मेख तिथे आहे. बॅगलेसमध्ये (पिशवी नसते, धूळ थेट डब्यात) ही पीठासारखी धूळ फिल्टरच्या घड्यांत बसते. हवा अडते, मोटर तापते, थर्मल कटऑफ पडतो (तापलेलं मशीन आपोआप बंद होतं) आणि लोक मशीन बिघडलं म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. बॅगवाला घ्या, बॅग पाऊण भरली की बदला. धुता येणारा फिल्टर सावलीत निदान २४ तास वाळवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. दमट लावलात तर घरभर कुबट वास. खाचेतला थर आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने सुटा करा, मग चपट्या नोझलने ओढा. आधी पाणी मारू नका, चिखल होऊन कोपऱ्यात बसतो आणि ओढला जात नाही.

अण्णा_कोथरूड: अवांतर: पंख्याला व्हॅक्यूम कशाला? उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवा, दाबून मागे ओढा. धूळ अभ्र्यात राहते, गादीवर पडत नाही.

सखी२: वेट अँड ड्राय +१. पाणीही ओढतो.

खडूसकाका: पिन कोमट लागते. तेवढं चालतं.

वायरमन: नाही चालत.

गच्चीवाली: सगळ्यांचे आभार. वेट अँड ड्रायचा १५ लिटरचा ड्रम ठेवू कुठे आणि दर वेळी काढणार कोण? वायरवाला हँडहेल्ड मागवला, ८०० वॅट, अडीच हजार. पंख्यांना अभ्रा.

पिशवीवाला: डबा जेमतेम अर्ध्या लिटरचा असेल, वर बॅगलेस. दर खिडकीनंतर रिकामा करा, फिल्टर झटका. दोन फिल्टर जादा घेऊन ठेवा.

टेक्नोबाबा: दिवाळी सेलपर्यंत थांबायला हवं होतं. कॉर्डलेस २२ ला येतो.