धरणावरचा गळ समुद्रात: पहिल्या फेऱ्यांचे अनुभव लिहा

नारळी पौर्णिमा झाली की आपल्या नाशिकच्या गळवाल्यांतल्या कुणाला तरी दरवर्षी समुद्र आठवतो. गंगापूर, दारणा, मुकणे इथे चिलापी आणि रोहू धरून हात बसलेला असतो, कुठेतरी जिताड्याचा, खाडीतल्या त्या मोठ्या चंदेरी माशाचा, व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि मग शनिवारी रात्री दोन वाजता गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला लागते. मीही त्यातलाच. गेल्या दोन वर्षांत श्रावण ते दिवाळी या दिवसांत पाच फेऱ्या केल्या. हिशोब असा: तीन खेकडे, दोन शिंगाळे, एक केंड आणि पंजाएवढा एक ढोमा. पेट्रोलचा आकडा घरी सांगितलेला नाही.

म्हणून हा धागा. मोठ्या माशांचे फोटो नकोत, ते सगळीकडे बघायला मिळतात. किनाऱ्यावरून गळ टाकताना पहिल्या दोन-चार फेऱ्यांत काय फसलं ते लिहा. होडीतल्या गोष्टी पुन्हा कधीतरी.

सुरुवात माझ्यापासून. पहिली फेरी केळव्याची. तोरंगणच्या घाटात इतकं धुकं की मित्र खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगत होता. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत साडेसातला सुरूच्या बनाशी गाडी लावली. वाळूवर आलो तर समुद्रच नाही! म्हणजे होता, पण पार लांब. ओल्या वाळूतून चालत पाणी गाठलं, गुडघाभर पाण्यात उभं राहून धरणावरची सातफुटी काठी फिरवली. आमिष म्हणजे शेंगदाण्याची पेंड घातलेला कणकेचा गोळा, वर चिमूटभर हिंग. दारणेवर या गोळ्याने मला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. इथे दुसऱ्याच लाटेत गळ धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ. वीस मिनिटांनी खाली बघतो तर पाणी घोट्यापर्यंत आलेलं. पुढे सरकलो, पाणी आणखी मागे. नऊपर्यंत असाच त्याच्या मागे मागे चालत राहिलो. शिंपल्या वेचणाऱ्या एक आजी माझ्याकडे बघून हसल्या. का हसल्या ते कळायला वर्ष गेलं.

निघताना आई म्हणाली होती, "संकष्टीला कुठे रे मासे मारायला निघालास?" मी ते पापपुण्याच्या खात्यात टाकलं. त्या वाक्यात भरतीचं वेळापत्रक होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

सातपूरहून

दादा, आईंचं ऐकायला हवं होतं. मी मूळचा राजापूरकडचा, कंपनीमुळे सातपूरला. आमच्याकडे गळ टाकणं म्हणत नाहीत, गरवणं म्हणतात. गरवायला निघण्याआधी आजोबा भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती पूर्ण, नऊच्या सुमारास ओहोटी तळाला. तुम्ही साडेसातला पोचलात, म्हणजे पाणी नेमकं पळत होतं तेव्हा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, खाडीत आत शिरलात तर जास्तच, पण नाशिकहून गाडी कधी काढायची एवढं ठरवायला हे गणित पुरतं. सपाट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चढत्या पाण्याचे शेवटचे दोन-अडीच तास आणि उतरायला लागल्यावरचा पहिला अर्धा तास, बाकी वेळ चहा प्या.

दुसरं उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि ओढ अशी की शंभर ग्रॅमचं शिसंसुद्धा वाळूत ठरत नाही. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी आळसावलेलं. आजोबा दोन्ही टाळायचे, दशमी-एकादशी धरायचे. एकादशीला आजीची बोलणी बसायची ती निराळी.

आणि कणिक विसरा. कोळंबी घ्या, सालासकट. आदल्या रात्री जाडं मीठ लावून ठेवलीत की मांस घट्ट होतं. गळात ओवल्यावर वरून बारीक दोऱ्याचे आठ-दहा वेढे द्यायचे, मग लाटेत सुटत नाही. हंगामाच्या सुरुवातीला नद्यांच्या गाळाने पाणी चहासारखं असतं, त्यात चमचमते प्लास्टिकचे मासे ओढत बसून काही उपयोग नाही. माशाला दिसत नाही, वास येतो.

इंदिरानगरहून

दादांच्या हिशोबात दोन शिंगाळे वाचले आणि अंगठा ठणकला.

मी आणि नवरा, दोघांनाही याचं वेड. बोर्डीला आमची दुसरी फेरी, अर्धी भरती चढलेली, काठीचं टोक दोनदा थरथरलं आणि मग सरळ वाकलं. ओढून आणला तर वीतभर लांब, मिशावाला, करड्या रंगाचा. मला वाटलं, हा तर आपला शिंगटाच! धरणावर असे कितीतरी सोडवलेत. मुठीत धरला, त्याने एक हिसका दिला आणि कल्ल्यामागचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. रक्त फार नाही आलं. पाच मिनिटांत मात्र कळ कोपरापर्यंत. मी रडणारी बाई नाही, पण तिथे वाळूत बसून रडले.

नवऱ्याने गाडीतलं बर्फाचं पाणी काढलं, तेवढ्यात चहाच्या टपरीवरचे काका धावत आले. ते म्हणाले, थंड नको, गरम. पातेल्यातलं पाणी बादलीत ओतून, सहन होईल इतकं कढत करून हात त्यात बुडवायला लावला. पाणी कोमट झालं की पुन्हा गरम पाणी. पाऊण तास. कळ खरंच उतरली. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं, हे विष उष्णतेने निकामी होतं, पाखट माशाच्या काट्यालाही हाच उपाय. वर धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते तपासलं.

शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना, करवतीसारखे दाते असलेले. आता लांब नाकाची पक्कड आणि जाड फडकं घेतल्याशिवाय मी वाळूवर पाऊल ठेवत नाही. थर्मासमध्ये चहा नवरा नेतो, मी नुसतं गरम पाणी.

कॉलेज रोडवरून

माझी कथा दोन ओळींची. एका सकाळी सहा गळ गेले. प्रत्येक वेळी तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, असा कापलेला, जणू कात्री लावली. वाटलं केवढा मोठा मासा आहे! सातव्या वेळी जाड तार लावली आणि वर आला तो केंड, मुठीएवढा, फुगून चेंडू झालेला, पोपटासारखे दात दाखवत. सोडून दिला. मित्र म्हणाला भाजून बघू, त्याला सांगितलं, त्यात जीवघेणं विष असतं, तू बघ आणि मी तुझ्या घरी कळवतो.

पंचवटीहून

मासा लांबच, माझी दोरा गुंडाळायची रीलच मेली. चार हजारांची, नवी कोरी. चिंचणीहून रात्री दमून आलो, काठी दाराआड उभी केली, झोपलो. पुढच्या शनिवारी गंगापूरला जायचं म्हणून काढली तर हँडल फिरेना. दोरा ज्या छोट्या चाकावरून फिरतो ते चाक मिठाने जाम झालेलं, पांढरे कण नुसत्या डोळ्यांना दिसत होते. डब्यातले गळ सगळे तांबडे. त्याच डब्यात धरणावरचे गळही ठेवले होते, तेही गेले.

दुरुस्तीवाल्याने शिकवलं ते असं: घरी आल्याबरोबर ड्रॅग, म्हणजे दोऱ्याचा ताण कमीजास्त करायची रीलची चकती, घट्ट आवळायचा, रीलवर गोड्या पाण्याची हलकी फवारणी करायची, पुसायची, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवायची, मग चाकावर तेलाचा एक थेंब. नळाची जोरदार धार लावायची नाही, ती मीठ आत ढकलते. काठीच्या कड्याही पुसायच्या. खाऱ्या पाण्याचा डबा वेगळा, त्यावर मी मार्करने "खारं" लिहून ठेवलंय. बायकोने त्यात शेंगदाणे भरले होते, पण ते जाऊ दे.

नाशिकरोडहून

गाडी नाही म्हणून अडून बसू नका. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून डहाणू लोकल. पोचेपर्यंत दुपार होते, त्यामुळे सातपूरकर म्हणतात तशी चतुर्थी-पंचमी गाठायची, तीन-पावणेचारची भरती आरामात मिळते. घड्या होणारी काठी घ्या. मी पहिल्यांदा दहाफुटी दोन तुकड्यांची नेली होती, डब्यात एका गृहस्थांनी विचारलं, "पडद्याचा दांडा कितीला पडला?" परतीला कोळंबीची पिशवी घट्ट बांधा. मी बांधली नव्हती.

देवळाली कॅम्पहून

मंडळी, वय एकसष्ट, म्हणून थोडं काकांच्या सुरात सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावर एका खडकावर मी आणि मेहुणे बसलो होतो, सप्टेंबर अखेर. पुढे खोल पाणी, वाऱ्याची झुळूक, झकास. तासाभरात दोन चिमुकल्या तांबोश्या मिळाल्या. आमचं सगळं लक्ष समोर. मागे वळून बघितलं तर ज्या वाळूच्या पट्ट्यावरून आलो तिथे कमरेइतकं पाणी आणि त्याला ओढ. भरती समोरून येते असं आपल्याला वाटतं, ती खडकाला वळसा घालून पाठीमागून आधी येते. सामान तिथेच टाकून, एकमेकांचे हात धरून निघालो. मेहुण्यांची एक चप्पल आणि माझी काठी अरबी समुद्रात जमा.

तेव्हापासून खडकावर बसताना मागच्या बाजूला एक दगड खूण म्हणून धरतो. त्याला पाणी लागलं की गुंडाळायचं, मासा लागलेला असो वा नसो. शेवाळलेल्या खडकावर चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. जून-जुलैत तर किनाऱ्यावरून जायचंही मनात आणू नका. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, काठीवाल्यांसाठी नाही, हे मलाही माहीत आहे. पण ज्या समुद्रात होड्या घालत नाहीत तिथे आपण कशाला उभं राहायचं?

एक गंमत नेहमी मनात येते. त्र्यंबकच्या डोंगरातून वैतरणा निघते ती सरळ पश्चिमेला, अर्नाळा-दातिवऱ्याशी समुद्राला मिळते. आणि आपली गोदावरी, समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. आपण नाशिककर समुद्राच्या बाबतीत असे कच्चे का, याचं उत्तर मी तिच्यावर ढकलतो.

गंगापूर रोडवरून

मोठे मासे नकोत म्हणालात, पण माझा हातात आलाच नाही, तेव्हा चालेल ना?

खाडीच्या तोंडाशी, उतरतं पाणी. पुळणीवर चढतं पाणी चांगलं असेल, पण खाडीत जिताडा उलट करतो. पाणी उतरताना छोट्या ओहोळांतून बोयटं हे लहान मासे बाहेर पडतात आणि हा तोंडाशी दबा धरून बसतो. मी जिवंत बोयटाचं पिल्लू लावलं होतं. दोरा एकदम ताणला, मग पाण्याबाहेर आडवं, चंदेरी, माझ्या हाताएवढं काहीतरी उसळलं, डोकं दोनदा झाडलं आणि खाली गेलं. ड्रॅगचा आवाज मी अजून झोपेत ऐकतो. तो पुलाच्या जुन्या खांबाकडे वळला. खांबाला कालवं, म्हणजे धारदार कडांचे शिंपले, लगडलेली. ब्रेडेड दोरा, चाळीस पौंडांचा, कालवाच्या कडेला नुसता टेकला आणि संपला. टोक बघितलं तर कापसासारखं पिंजलेलं.

चूक माझी. पुढे दीड-दोन हात जाड तंगूस जोडायला हवा होता, तो घासला तरी थोडा तग धरतो. धरणात कालवं नसतात, त्यामुळे ही सवयच नाही.

घरी येऊन वाचलं की जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे कदाचित तो नव्हता, ती होती. पावसाळा हा त्यांचा विणीचा काळ, त्यामुळे गेली ते बरंच झालं, असं मी लोकांना सांगतो.

धागाकर्ता पुन्हा

सगळं वाचलं, काही दोनदा. थर्मास, पक्कड, खारट कोळंबी, "खारं" लिहिलेला डबा, सगळं जमवलं. आईकडून कॅलेंडर मागितलं तर तिने विचारलं, "आता कुठला उपास?"

येत्या रविवारी दशमी आहे. दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. साडेचारला पाण्याजवळ असायचं म्हणजे साडेबाराला निघायला हवं, तोरंगणचं धुकं धरून. केळवेच. गाडीत एक जागा रिकामी आहे. खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याची कड सांगणारा हवा.