स्पॅनिशमधलं विशेषण कधी नामाच्या आधी, कधी नंतर? डोकं चक्रावलंय

प्रश्न:
नमस्कार मंडळी, डेले ए२ या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी चाललीये. लिंग-वचनाचं काही वाटत नाही, कोचे रोखो म्हणजे लाल गाडी आणि कासा रोखा म्हणजे लाल घर, अनेकवचनाला स लागला की झालं. पण विशेषण नामानंतर येतं असं पाठ करून बसावं तर पुस्तकात ग्रान सिउदाद (मोठं शहर) दिसतं, ब्येखो आमिगो (जुना मित्र) दिसतं. शिवाय आग्वा म्हणजे पाणी स्त्रीलिंगी, मग एल आग्वा फ्रिआ (थंड पाणी) कसं काय? नामाआधीचं एल हे उपपद पुल्लिंगी, स्त्रीलिंगी ला, मग एल आहे तर फ्रिओ नको का?

उत्तर १:
आग्वा स्त्रीलिंगीच आहे, म्हणून फ्रिआच. नाम आघात असलेल्या आ नं सुरू होत असेल तर त्याच्या लगेच आधी ला ऐवजी एल येतं, एवढाच बदल. हे एल मुळात लॅटिनच्या इल्ला पासून झालेल्या एला चं तोकडं झालेलं रूप, म्हणजे तेही स्त्रीलिंगीच. अनेकवचनात लास आग्वास फ्रिआस, तिथे काही घोळ नाही. नामाच्या शेवटच्या अक्षरावर मात्र अजिबात जाऊ नका, प्रोब्लेमा पुल्लिंगी म्हणून उन प्रोब्लेमा सेरिओ (गंभीर प्रश्न), आणि मानो म्हणजे हात स्त्रीलिंगी म्हणून ला मानो देरेचा (उजवा हात).

उत्तर २:
जागेचं मी सांगते. बऱ्याच गोष्टींतून एक वेगळी काढायची असेल तर विशेषण नामानंतर, कोणती गाडी? तर लाल. गुण त्या वस्तूत मुळातच आहे किंवा तुमची भावना सांगायचीये, तर नामाच्या आधी. ला ब्लांका न्येबे बघा, बर्फ पांढराच असतो, कुठला बर्फ ते कोणी विचारत नाहीये, म्हणून कवितेत असं फार भेटतं. काही विशेषणांचा तर अर्थच बदलतो. ब्येखो आमिगो म्हणजे जुना दोस्त, वय पंचवीस का असेना, आणि आमिगो ब्येखो म्हणजे वयानं म्हातारा मित्र. पोब्रे ओम्ब्रे म्हणजे बिचारा, ओम्ब्रे पोब्रे म्हणजे ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो. ग्रांदे एकवचनी नामाच्या आधी आलं की ग्रान होतं, दोन्ही लिंगांत, उन ग्रान ओम्ब्रे थोर माणूस, उन ओम्ब्रे ग्रांदे धिप्पाड माणूस. ब्वेनो (चांगला) आणि मालो (वाईट) चं ब्वेन, माल होतं ते मात्र फक्त पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी, उना ब्वेना आमिगा पूर्णच राहतं.

उत्तर ३:
मराठी माणसानं इंग्रजीतून स्पॅनिश शिकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजीत नामाप्रमाणे विशेषणाचं रूप बदलत नाही, आपल्याकडे पांढरा घोडा, पांढरी गाय रोजचं आहे, आणि लाल, सुंदर जसे बदलत नाहीत तसंच बेर्दे (हिरवा), फासिल (सोपा) लिंगानुसार बदलत नाहीत. अनेकवचन तेवढं करायचं, बेर्देस, फासिलेस. पण व्यंजनात संपणाऱ्यांमध्ये एस्पान्योल चं एस्पान्योला होतं, देशांवरून झालेली आणि त्राबाखादोर (कष्टाळू) सारखी विशेषणं वेगळी लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ता:
आग्वा चं आता क्लिअर झालं, खूप आभार! अजून एक, एस आणि एस्ता दोन्हींचा अर्थ आहे असाच ना, मग एस आबुर्रिदा आणि एस्ता आबुर्रिदा यात फरक काय?

उत्तर २:
एस म्हटलं तर ती बाई स्वभावानंच कंटाळवाणी, एस्ता म्हटलं तर तिला आत्ता कंटाळा आलाय. तोंडी परीक्षेत मला कंटाळा आलाय असं सांगताना एस्तोय च वापरा, सोय नको (ही त्याच दोन क्रियापदांची मी ची रूपं).